अर्धं राहिलेलं वाक्य: एका विज्ञान कादंबरीच्या अभिवाचनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयात दरवर्षी वर्धापनदिनाला एका पुस्तकाचं अभिवाचन होतं. सभासदच ते बसवतात. वेळ नव्वद मिनिटं, वर एक मिनिटही नाही. निम्मे श्रोते आता बोरिवली, विरार, डोंबिवलीला राहायला गेलेत आणि साडेआठ वाजले की त्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं. यंदा पहिल्यांदाच विज्ञान कादंबरी घ्यायची ठरली आणि संहिता करायचं काम माझ्याकडे आलं. त्या चार महिन्यांत काय घडलं ते इथे मांडते आहे. वाचनालयाचं नाव दिलेलं नाही, माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गटात आम्ही सहा जण होतो. दिग्दर्शन करणाऱ्या ताई, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि भरदार आवाजाचे काका, शाळेत इतिहास शिकवलेले सर, मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी, डोंबिवलीहून येणारा आयटीतला मुलगा आणि मी.

सरांचा विज्ञानकथेवर फार जीव. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, नावाची आद्याक्षरं फक्त उलटी केली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, ही हकीकत ते अजूनही रंगवून सांगतात. त्यांच्याच आग्रहाने हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' निवडली. हक्कांचाही प्रश्न नव्हता. वेल्स १९४६ साली वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, ते २००६ अखेर संपले.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लंडनजवळच्या वोकिंग गावात राहणारा एक लेखक गोष्ट सांगतो. मंगळावरून दहा रात्री ओळीने दहा नळकांडी पृथ्वीकडे सुटतात. पहिलं जवळच्या माळावर पडतं. मंगळवासी तीन पायांच्या अजस्र यंत्रांत बसून निघतात, उष्णकिरणांनी आणि काळ्या धुराने गावंच्या गावं संपवतात. लंडन रिकामं होतं. तोफा, सैन्य, कशाचाच उपयोग होत नाही, आणि मग एके दिवशी ते सगळे मरून पडलेले आढळतात. पृथ्वीवरच्या साध्या जंतूंनी त्यांना मारलेलं असतं.

अडचण

इंग्रजी मूळ सुमारे साठ हजार शब्दांचं. आमच्या वाचनाच्या वेगाने तासाला जेमतेम सहा हजार शब्द होतात. म्हणजे नव्वद मिनिटांत नऊ हजार. सातातले सहा शब्द टाकायचे होते. मी पहिला खर्डा महिनाभरात केला आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत चौदा सभासदांसमोर चाचणी वाचन घेतलं.

पहिला अर्धा तास खोली गप्प होती. माळावर पडलेलं नळकांडं, त्याचं झाकण आतून हळूहळू फिरतंय हे कुणाच्या तरी लक्षात येणं, पांढरं निशाण घेऊन पुढे गेलेली शिष्टमंडळातली माणसं आणि क्षणात त्यांची राख. खालच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची आरोळी वर ऐकू येत होती, तरी कुणी मान वळवली नाही.

दुसऱ्या अर्ध्या तासात चुळबुळ सुरू झाली. तिसऱ्यात दोघे उठून गेले. शेवट झाला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "अगंबाई, सर्दीने मेले?" त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. इतका वेळ जीव मुठीत धरून ऐकलं आणि हे काय, असं.

नंतरच्या चर्चेत चार तक्रारी पुढे आल्या. मधला भाग कोण सांगतंय ते कळत नाही. शेवट अचानक येतो, फसवल्यासारखं वाटतं. सांगणारा माणूस सबंध गोष्टीत पळतो आणि लपतो, करत काहीच नाही. आणि मेली असं वाटलेली बायको शेवटी आयती परत येते.

चारही तक्रारी समीक्षेच्या भाषेत मांडता येतात आणि चारही थोड्याफार खऱ्या आहेत. पण त्यातली एक माझ्या कात्रीने केलेली होती, हे कळायला मला आणखी तीन आठवडे लागले.

समोर असलेले पर्याय

आयटीतल्या मुलाचा पर्याय सर्वांत उत्साहाचा होता: सगळी गोष्ट मुंबईत आणायची. नळकांडं आरे कॉलनीत पडेल, पळापळ पूर्व द्रुतगती मार्गावर होईल, बोटीचा प्रसंग भाऊच्या धक्क्यावर. त्याने दहा पानं लिहूनही आणली आणि ती वाईट नव्हती. आधारही होता. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेतल्या रेडिओवर ऑर्सन वेल्स या तरुण दिग्दर्शकाने (कादंबरीकार वेल्स वेगळे) हीच गोष्ट न्यू जर्सीत आणून बातमीपत्राच्या थाटात सादर केली होती, आणि काही ऐकणाऱ्यांना ती खरी वाटली होती. गावांची खरी नावं ही या कादंबरीची मोठी ताकद आहे. वोकिंग, वेब्रिज, शेपर्टन, पटनी ही नावं तिथल्या वाचकाला रोजच्या गाडीच्या फलाटांवर दिसत होती. आपल्याला ती अनोळखी, मग अंधेरी-जोगेश्वरी का घेऊ नये?

सरांनी त्यावर जे उत्तर दिलं ते मला अजून आठवतं. पहिल्याच प्रकरणात वेल्स म्हणतात की मंगळवासीयांना दोष देण्याआधी आपण टास्मानियातल्या लोकांचं काय केलं ते आठवा, युरोपातून गेलेल्यांनी पन्नास वर्षांत त्यांचा निर्वंश केला. सर म्हणाले, "लंडन लंडनच राहू दे. ज्यांनी जगभर जाऊन लोकांना हाकललं, त्यांच्यावर हाकलून घ्यायची पाळी आली, हीच गोष्ट आहे. ती मुंबईत आणलीस तर आधीच जिंकलेल्या गावावर पुन्हा एकदा हल्ला, एवढंच उरेल." मुलाने पानं मिटून पिशवीत ठेवली. तो नाराज झाला होता आणि ते रास्तच होतं, पण मला सरांचं पटलं.

दुसरा पर्याय शेवट बदलण्याचा. निवेदकाने काहीतरी शोधून काढावं, निदान जंतूंची शंका त्याला आधी यावी. ताईंचा याला ठाम नकार होता. लेखक हयात नसला म्हणून त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं नाही.

तिसरा, भावाचा भाग काढून टाकायचा. याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण आमचा सर्वांत मोठा निर्णय तिथे होता आणि सर्वांत मोठी चूकही.

चौथा पर्याय काकांचा: पुस्तकच बदलू या, अजून वेळ आहे. त्या दिवशी तो मलाही बरा वाटला होता.

शेवटाचा शोध

शेवट फसवा का वाटतो हे पाहायला मी मूळ पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं, यावेळी हातात पेन्सिल घेऊन, जंतूंचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे खूण करत. पहिली खूण पहिल्याच वाक्यावर पडली. मंगळावरून कुणीतरी आपल्याकडे बघतंय, जसा सूक्ष्मदर्शकातून माणूस पाण्याच्या थेंबातले क्षणभर जगणारे जीव बघतो, असं ते वाक्य आहे. ज्यांच्यामुळे शेवट होणार ते जीव पहिल्या वाक्यात उपमा म्हणून येऊन बसलेत! दुसरी खूण दुसऱ्या खंडात, मंगळवासीयांच्या शरीराचं वर्णन चालू असताना: रोग पसरवणारे सूक्ष्मजीव मंगळावर कधी जन्मले नाहीत किंवा त्यांच्या विज्ञानाने ते कधीच नाहीसे केले. तिसरी, मंगळावरून आलेल्या लाल तणावर. नद्या-ओढे भरून टाकणारं ते तण एकाएकी कुजतं, ठिसूळ होतं, आणि निवेदक सांगतो की ते बहुधा जंतूंमुळे.

म्हणजे शेवट तीनदा पेरलेला आहे. पहिल्या वाक्यात, मधे आणि शेवटाच्या जरा आधी. माझ्या खर्ड्यात या तिन्हींपैकी फक्त पहिलं वाक्य होतं, तेही मी आटोपशीर केलेलं; सूक्ष्मदर्शकाची उपमा लांबलचक वाटली म्हणून 'कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून होतं' एवढंच ठेवलं होतं. मंगळवासीयांच्या शरीराचं प्रकरण 'माहिती' म्हणून गाळलं होतं. लाल तण 'वर्णन' म्हणून. संक्षेप करताना हात आपोआप तिकडेच जातो. माणसं बोलतायत, पळतायत ते ठेवायचं आणि लेखक काही समजावून सांगतोय ते उडवायचं. विज्ञानकथेत ही सवय घातक ठरते, कारण तिथे माहिती हेच कित्येकदा कथानक असतं. शेवटच्या अंकात उडणारी बंदूक पहिल्या अंकात भिंतीवर दिसली पाहिजे म्हणतात. मी भिंतच काढून टाकली होती.

पुढच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा मेडिकलची मुलगी म्हणाली, "मुळात ते सर्दीने मेले असं म्हणणंच चुकीचं आहे. आपण सर्दीने मरत नाही, कारण आपले कितीतरी पूर्वज असल्या गोष्टींनी मेलेत." वेल्स हेच म्हणतात. अब्जावधी मरणांची किंमत मोजून माणसाने या पृथ्वीवर राहायचा हक्क विकत घेतलाय, असं वाक्य त्या प्रकरणात आहे. हे वाक्यही माझ्या खर्ड्यात नव्हतं.

तरीही एक उणीव उरतेच आणि ती मान्य करायला हवी. शेवटाचं कारण पेरलेलं आहे, पण ते कुणाच्याही कृतीतून उगवत नाही. निवेदकाने काहीही वेगळं केलं असतं तरी मंगळवासी त्याच दिवशी मेले असते. माणूस इथे फक्त साक्षीदार आहे. वेल्सना तेच म्हणायचं होतं, हे बुद्धीला पटतं. नव्वद मिनिटं एका माणसाबरोबर पळालेल्या श्रोत्याच्या मनाला पटेलच असं नाही. ही उणीव झाकायचा प्रयत्न करायचा नाही, असं आम्ही ठरवलं. पेरणी पूर्ण परत आणायची आणि बाकीचं श्रोत्यावर सोपवायचं.

भावाचा भाग

निवेदक वोकिंगच्या आसपास अडकलेला. मग लाखोंचं लंडन रिकामं होताना कोण बघणार? वेल्सनी त्याला लंडनमध्ये मेडिकल शिकणारा धाकटा भाऊ दिला आणि पहिल्या खंडातली तीन प्रकरणं त्या भावाच्या डोळ्यांनी सांगितली. सांगतो मात्र निवेदकच. 'माझ्या भावाने पाहिलं', 'माझा भाऊ वळला', 'माझ्या भावाला वाटलं'. कागदावर हे चालून जातं. मोठ्याने वाचलं की प्रत्येक परिच्छेदात चार-चार वेळा 'माझा भाऊ' कानावर आदळतो आणि समोर वाचणारे काकाच असल्यामुळे बघतंय कोण, सांगतंय कोण, याचा घोटाळा होतो. शिवाय बोटीत बसून भाऊ समुद्रपार जातो तो जातोच. पुन्हा कादंबरीत दिसत नाही.

मग गाळून टाकावा? पण कादंबरीतलं सर्वांत मोठं दृश्य तिथेच आहे. रस्ता भरून वाहणारी माणसं, गाड्या, घोडे, धूळ, एक माणूस सांडलेली नाणी गोळा करायला चाकांखाली वाकतो तो प्रसंग. आणि 'थंडर चाइल्ड' नावाची युद्धनौका पेटलेल्या अवस्थेत मंगळवासीयांच्या तीन पायांच्या यंत्रांवर चाल करून जाते, तो माणसांचा मोठ्यात मोठा विजय. हे काढलं तर पराभवाला मोजायला मापच उरत नाही.

हे प्रकरण वाचताना सरांनी एका संध्याकाळी हळूच १८९७ साल काढलं. पुस्तक येण्याआधी एप्रिल ते डिसेंबर १८९७ ही कादंबरी 'पिअर्सन्स मॅगझिन'मध्ये हप्त्याहप्त्याने छापून आली. त्या वर्षी मुंबई काय करत होती? सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं होतं आणि त्या हिवाळ्यात लाखो माणसं बोचकी बांधून स्टेशनांकडे निघाली होती. जानेवारी १८९७ मध्ये जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तयार केलेली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. जूनमध्ये पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा लंडनच्या वाचकांच्या हातात याच कादंबरीचे हप्ते होते. आम्ही ज्या खोलीत बसलो होतो तिथून मांडवी पायी अर्ध्या-पाऊण तासावर. तिकडे एक लेखक जंतूंकडून माणसाचा बचाव करवून घेत होता आणि इकडे जंतूंनीच शहर रिकामं केलं होतं. कुणी बराच वेळ बोललं नाही.

प्रयोगाच्या सुरुवातीला दोन मिनिटांचं निवेदन ठेवून हे सांगायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

भावाच्या भागाबद्दल निर्णय असा झाला: तो ठेवायचा, पण काकांच्या तोंडून काढून दुसऱ्या आवाजाला द्यायचा आणि प्रथमपुरुषी करायचा. 'माझ्या भावाने पाहिलं' ऐवजी 'मी पाहिलं'. आयटीतला मुलगा तो भाग वाचेल. घोटाळा तर मिटलाच, भागही जिवंत झाला. तालमीत सगळे खूश होते, मी सर्वांत जास्त.

तालमी

तालमींचं सगळं सांगत नाही, दोन-तीन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात.

यंत्रांना मराठीत काय म्हणायचं यावर पहिली तालीम गेली. मी 'तिवई' लिहिलं होतं. काका म्हणाले, "तिवई म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर पाण्याचं पिंप येतं. याला काय घाबरणार?" 'त्रिपाद', 'त्रिपाद यंत्र' असे शब्द वाचून पाहिले. तोंडात बसत नव्हते. मग मूळ पान काढलं. वादळी रात्री विजेच्या लखलखाटात निवेदक ते यंत्र पहिल्यांदा बघतो तेव्हा वेल्स वाचकाला सांगतात की दूध काढायला बसतात ती तिवई डोळ्यासमोर आणा, ती तिरपी होऊन जमिनीवरून धाडधाड फेकल्यासारखी येतेय अशी कल्पना करा. म्हणजे घरगुती वस्तूच हवी होती. भीती तिथूनच येते. काकांनी ते वाक्य एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने, आणि पुन्हा 'तिवई'ला हरकत घेतली नाही. या लेखकाची सांगण्याची ताकद मला या एका वाक्यात सापडते. जे कुणी पाहिलेलं नाही ते तो गोठ्यातल्या वस्तूने दाखवतो.

दुसरी गोष्ट मरणाऱ्या मंगळवासीयाच्या आवाजाची. ओसाड लंडनमधून निवेदक चालतोय आणि 'उल्ला, उल्ला, उल्ला' असा एकसारखा विलाप ऐकू येतोय. आधी आम्ही तो चौघांनी मिळून, माईकवर, घुमवून काढला. कीर्तनातल्या साथीसारखा वाटला. मग ताईंनी मेडिकलच्या मुलीला सभागृहाच्या मागच्या दाराशी उभं केलं, माईकशिवाय. खालच्या पट्टीत, एकाच स्वरात. काका पुढे वाचतायत, मागून ते चालूच. आणि कालव्यावरचा पूल ओलांडताना तो आवाज मधेच तुटतो. वेल्सनी लिहिलंय की शांतता गडगडाटासारखी कोसळली, आणि तो आवाज होता तोवर एकटेपण सोसवत होतं. ज्या शत्रूपासून माणूस पंधरा दिवस लपला, त्याचाच आवाज थांबल्यावर तो पोरका होतो. इथे काका आपोआप थांबले. ताईंनी घड्याळ लावलं होतं, सात सेकंद. "एवढंच ठेवा," त्या म्हणाल्या.

तिसरी गोष्ट बायकोच्या परत येण्याची. मी तो प्रसंग काढून टाकायच्या बाजूची होते. त्याआधी एक विलक्षण क्षण आहे. निवेदक उद्ध्वस्त गावातून आपल्या घरी परततो, वर अभ्यासिकेत जातो. टेबलावर कागद तसाच आहे, वर वजन ठेवलेला. नळकांडं उघडलं त्या दुपारी तो संस्कृतीबरोबर नीतिकल्पना कशा बदलत जातील यावर लेख लिहीत होता. शेवटचं वाक्य अर्धं आहे: 'सुमारे दोनशे वर्षांत आपल्याला अपेक्षा करता येईल की', आणि पुढे काही नाही. तेवढ्यात पेपरवाला पोरगा आला होता आणि तो उठून खाली गेला होता. माझ्या मते गोष्ट इथेच संपवायला हवी होती. यानंतर बायको जिवंत येणं म्हणजे लेखकाने वाचकाच्या हातावर ठेवलेला खाऊ.

काका ऐकेनात. "एवढं सोसल्यावर माणसाला त्याचं माणूस मिळू दे की," म्हणाले. मी योगायोग, कमकुवत शेवट वगैरे बोलत राहिले. त्यांनी शांतपणे पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि बोट ठेवलं. बायको दारात उभी आहे, म्हणते, 'मी आले. मला ठाऊक होतं, ठाऊक होतं', आणि तिला पुढे बोलवत नाही. तिचंही वाक्य अर्धंच. दोन पानांच्या अंतरावर दोन अपुरी वाक्यं. एक भविष्याबद्दल खात्रीने बोलणाऱ्या विद्वानाचं, दुसरं तिचं. मी पुस्तक तीनदा वाचलं होतं आणि हे पाहिलं नव्हतं. प्रसंग ठेवला.

प्रयोग आणि प्रतिसाद

प्रयोग अठ्ठ्याऐंशी मिनिटांत झाला. साठ खुर्च्या मांडल्या होत्या, मागे काही लोक उभे राहिले. मधून कुणी उठून गेलं नाही. 'सर्दीने मेले' म्हणणाऱ्या आजी पुन्हा आल्या होत्या. नंतर त्या मेडिकलच्या मुलीचा हात धरून म्हणाल्या की त्यांच्या आजेसासूबाईंच्या तोंडी प्लेगच्या वर्षीच्या झोपड्यांच्या गोष्टी होत्या. शेवटाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

शेवट फसवा वाटल्याची तक्रार यावेळी आली नाही. एका तरुण श्रोत्याने उलट सांगितलं की लाल तण कुजायला लागलं तेव्हाच त्याला अंदाज आला आणि मग तो वाट बघत बसला. निवेदक काही करत नाही ही तक्रार मात्र तिघांनी केली. त्यात एक लेखनाची कार्यशाळा घेणारे गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं, कर्ता नसलेली गोष्ट ही गोष्टच नव्हे, तो अहवाल. मला ते पटत नाही, पण ते पूर्ण चुकीचंही नाही.

आणि एक प्रश्न आला ज्याची आम्ही कल्पनाच केली नव्हती. निदान पाच जणांनी वेगवेगळं येऊन विचारलं, "भावाचं पुढे काय झालं?"

आता वेगळं काय केलं असतं

या प्रश्नाने मला आठवडाभर छळलं, कारण मूळ कादंबरी वाचणाऱ्याला तो इतका टोचत नाही. भाऊ तिथेही परत येत नाहीच. मग फरक कुठे पडला? मूळात 'माझ्या भावाने पाहिलं' असं निवेदक सांगतो, म्हणजेच भावाने नंतर कधीतरी भेटून त्याला ते सांगितलं. तो वाचला, दोघे भेटले, बोलले, हे सगळं त्या कंटाळवाण्या 'माझा भाऊ'मध्ये गृहीत आहे. आम्ही त्याला 'मी' केलं आणि ती खात्रीच काढून घेतली. समुद्रावर अंधारात जाणारी बोट, एक तरुण आवाज, आणि मग कायमची शांतता. श्रोत्यांनी तो मेला असं धरलं किंवा वाट बघत राहिले. ज्याला आम्ही निवेदनाचा दोष म्हणत होतो, तो दोष एक काम करत होता. दोष काढण्याआधी तो काय धरून उभा आहे हे बघायला हवं होतं. ताईंसमोर मी हे मांडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आवाज दुसरा दिला ते बरोबरच केलं, पुरुष बदलायला नको होता." तेच खरं असावं. दुसऱ्या आवाजात, पण 'माझा भाऊ' असं मधूनमधून येत राहिलं असतं तर दोन्ही साधलं असतं.

प्लेगच्या निवेदनाबद्दल आमचं अजून एकमत नाही. मला वाटतं सुरुवातीलाच जंतूंचं नाव घेऊन आम्ही शेवट उघडा केला. वेल्सनी जे उपमेत लपवलं ते आम्ही व्यासपीठावर मांडून ठेवलं. ताई म्हणतात, मुंबईच्या श्रोत्याला ते जंतू खरे वाटले ते त्या दोन मिनिटांमुळे, नाहीतर ते परक्या पुस्तकातलेच राहिले असते. सरांचा मधला मार्ग असा की ते निवेदन शेवटी घ्यावं. मला तेही जड वाटतं, अर्ध्या वाक्यावर संपलेल्या गोष्टीनंतर इतिहासाचा तास नको. लोकांची पळापळ वाचून झाल्यावर, मध्यंतरासारखं, जंतूंचा उल्लेख टाळून फक्त १८९७ च्या मुंबईतली रिकामी घरं सांगितली तर? पुढच्या वेळी हे करून पाहायचं आहे.

पटनीच्या टेकडीवर भेटणारा तोफखान्यातला शिपाई मी चार मिनिटांत उरकला, याची खंत आहे. गटारांत नवं राज्य वसवायच्या मोठमोठ्या योजना सांगणारा हा माणूस. प्रत्यक्षात त्याने आठवडाभर खपून जेमतेम दहा यार्डांचं भुयार खणलंय आणि संध्याकाळी शॅम्पेन काढून पत्ते खेळायला बसतो. 'इथे कुणी काही करत नाही' या तक्रारीला कादंबरीने दिलेलं उत्तर हेच आहे. करायच्या गप्पा मारणारा माणूस लेखकाने समोर आणून उभा केलाय. त्याला बारा मिनिटं द्यायला हवी होती आणि त्यासाठी उष्णकिरणांची एक-दोन जळितं कमी केली असती तरी चाललं असतं. जळणाऱ्या गावांत मी रमले, कारण ती वाचायला सोपी होती.

ठाण्याच्या एका मंडळाने ही संहिता मागितली आहे. नवी प्रत काढताना भावाचा भाग पुन्हा तृतीयपुरुषी करतेय. 'माझा भाऊ' किती वेळा ठेवायचा ते काका मोठ्याने वाचून ठरवणार आहेत. त्या भागाच्या वर, मुलाचा आवाज सुरू होण्याआधी, काकांना एक ओळ दिली आहे: 'हे सगळं मला त्याने नंतर सांगितलं.'